कोपरा फाटलेला कागुद

आमच्याकडं मेल्याची खबर कागदानं यायची तवा त्या कागदाचा एक कोपरा फाडलेला असायचा. लिवनारा लिवून झाला का कोपरा फाडून टाकायचा, म्हंजे ज्याच्या दारात जाईल त्याला वाचायच्या आधीच कळावं. असला कागुद घरात आनायचा न्हाय. अंगनाच्या भाईरच कोनाकडून तरी वाचून घ्यायचा, तिथंच फाडायचा, आन आंघोळ करून मंग घरात यायचं. मला अक्षर वळखत न्हाय, माझ्या सासूलाबी वळखत नव्हतं. पन कोपरा आमाला वाचता यायचा.

आमचं घर भिवंडीजवळच्या कोन गावाच्या जरा अलीकडं, खाडीच्या अंगाला. भात पिकायचं ते सहा म्हैने पुरायचं, बाकीचे सहा म्हैने गडी मानसं मिळंल ते करायची. आमचे मालक गिलाव्याचं काम करायचे. हात असा व्हता का भितीवरनं तळवा फिरवला तर कुठं खडा लागायचा न्हाय. नवरा म्हनून सांगत न्हाय, दुसरे गवंडीबी बोलायचे.

तवा भिवंडीत जिकडं बघावं तिकडं लूमच्या शेडी उठत व्हत्या. ठेकेदार छत्री उघडून सावलीला बसायचा आन मालक उन्हात परांचीवर. एक दिस शेडीचा शेठ आला, भितीवर हात फिरवला आन ठेकेदाराला बोलला, "काम एक नंबर केलंस." मालक तिथंच वर उभे व्हते. घरी आले ते भाकरीला हात लावीनात. बोलले, "हात माझा आन नाव त्याचं. आता बास."

त्याच दिसांत भिवंडीत एक जन यायचा, मानसं दुबयला धाडनारा. तो बोलला का साध्या व्हिसावर गेलास तर कंपनीत ऱ्हाशील, तिथंबी डोक्यावर मुकादम हायच. तू आझाद व्हिसा घे. आझाद म्हंजे कागुद एका अरबाच्या नावाचा, पन काम त्याचं न्हाय. आपलं काम आपन शोधायचं, आपला भाव आपन बोलायचा. त्या अरबाला म्हैन्याचं काय ते नेऊन दिलं का बाकी आपन आपले राजे. मालकांना तो आझाद सबूद असा गोड लागला का उठता बसता तेच.

"आई, मी आता सोताच ठेकेदार झालो," सासूला बोलले.

सासू भात पाखडत व्हती. बोलली, "ठेकेदार झालास तर आदी छत्री घे."

"तिथं पाऊस पडत न्हाय."

"मंग भात कुठं करतात?"

"करत न्हायत. इकत घेतात."

"आन पानी?"

"तेबी इकत."

सासूनं सूप खाली ठेवलं. "पानी इकत घ्यायाच्या गावाला तू कमवाया चाललास? आरं तिथं जीव ठेवायालाच किती लागंल!"

आमी सगळी हासलो. मालकबी हासले. म्हातारीनं तवाच नेमकं बोट ठेवलं व्हतं, पन त्या दिशी ती चेष्टाच वाटली.

दोन म्हशी इकल्या, माझ्या गळ्यातलं इकलं, आन होळी झाली तसे ते गेले. पिशवीत कपडे दोन आन हत्यारं सगळी. थापी, रंधा, ओळंबा. पोरगी दीड वर्साची व्हती. तिला माझ्या बांगड्या वर खाली केल्याबिगर झोप यायची न्हाय. बापानं तिला उचललं तर ती त्याच्या हातावर बांगड्या शोधाया लागली. ते बोलले, "माझ्या न्हायत गो, पन तुझ्या आईला भरभरून आनीन."

पयले कागुद त्यांच्या सोताच्या हातचे आले. ते चौथीपावेतर शिकले व्हते. अक्षर मोठं मोठं, भितीवर लिवल्यासारखं. शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे. एका खोलीत बारा जन ऱ्हातात, लिवलं व्हतं. खाटा सहाच. दिसाच्या ड्युटीवाला उठला का रातच्या ड्युटीवाला त्याच खाटेवर येऊन पडतो. मी तवा भिवंडीत एका शेडीत कांड्या भरायची, म्हंजे लूमच्या धोट्यात जी सुताची नळी घालतात तिच्यावर सूत गुंडाळायचं. मी तिथल्या बायांना सांगितलं, "दुबयला खाटाबी दोन शिफ्टला चालतात." त्या खोखो हासल्या. एक बोलली, "मंग खाट कवा सर्विसला जाते?"

सकाळी थापी घेऊन एका चौकात उभं ऱ्हायचं, असं लिवलं व्हतं. ज्याला भीत करायाची असंल तो गाडीतनं येतो, हात वर करतो, आपन पळायचं. पळत जाईल त्याचं काम. एका कागदात लिवलं, "मी आता पळायला शिकलो." तो वाचताना गुरुजी हासले, मी न्हाय हासले. हा मानूस हितं कदी कोनाच्या मागं पळला नव्हता.

एकदा मानसाच्या हाती एक साडी धाडली, चमकनारी, परदेशी. ती मी नेसलीच न्हाय, घडी करून ठेवली. त्याच्या मागनं पावसाळा निघाला, गनपती झाले, दिवाळी झाली, आन कागुद बंद. दीड-दोन म्हैने काय न्हाय. सासू रोज नाक्यावर जायची आन चहावाल्याला इचारायची. तो दुरूनच मान हालवायचा.

भाताची झोडनी चालली व्हती. त्या दिसांत मी कांड्या भरायाला जायची न्हाय, खळ्यावर असायची. दुपारच्याला शेजारची बाय धावत आली. तोंडावर पदर. बोलली, "घरी चल गो."

"काय झालं?"

"तू चल आदी."

हातातली पेंढी मी झोडून संपवली. का ते ठाव न्हाय. पेंढी हातात व्हती म्हनून झोडली.

दारात बाया जमलेल्या. सासू मातीत बसलेली, डोक्याचा पदर खाली. अंगनाच्या भाईर, कुंपनाला लागून, एका दगडाखाली कागुद ठेवलेला. पडघ्याचा कोनी मानूस सुट्टीवर आला व्हता, तो चार गावांचे कागुद घेऊन आला आन आमचा नाक्यावर चहावाल्याकडं देऊन टेम्पोत बसून गेला. त्याला आत काय हाय ते ठाव नव्हतं. चहावाल्यानं सासूच्या हातात दिला. सासूनं दोरा सोडला, घडी उघडली, तर कोपरा न्हाय. वरचा उजवा कोपरा, चांगला चार बोटं फाटलेला.

"गेला गो तुजा," सासू बोलली. "गेला माजा."

शेजारनीचा दीर सातवी शिकलेला, त्याला बोलावलं व्हतं. त्यानं कागुद दगडावरनं न उचलता वाकून बघितला आन बोलला, "हे मराठी न्हाय. मुसलमानी लिवलंय." मंग तर सगळ्यांची खातरीच झाली. मालकांना सोताला लिवाया येत व्हतं. दुसऱ्यानं का लिवावं?

बायांनी मला दगडाकडं नेलं. माझे दोन्ही हात धरले आन आपटले. हिरव्या बांगड्या व्हत्या, बारा बारा. एक काच मनगटात गेली, तिचा वन अजून हाय. कपाळ पुसलं. इहिरीवर नेऊन डोक्यावरनं पानी घातलं. पोरगी कोनाच्या तरी कडेवर व्हती, ती फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे बघून हात पुढं करत व्हती.

मी रडले न्हाय. बाया बोलत व्हत्या, रड गो, रड, दाटून यील. येत नव्हतं. मला एकच दिसत व्हतं, तो सांगून गेला का तिथं वाळू हाय. वाळूत पुरलं का जाळलं? जाळाया लाकडं कुठली तिथं? तिथं तर लाकूडबी इकत असंल. कोनी घेतलं असंल का याच्यासाठी इकत?

गडी मानसं पारावर बसली व्हती. सुतक धरायाचं तर दिवस मोजाया लागतात, आन कोनत्या दिशी गेला तेच ठाव न्हाय. एक बोलला, आजपासनं धरू. दुसरा बोलला, तसं कसं, कागुद वाचल्याबिगर कसं? मंग ठरलं का उद्या मानूस भिवंडीला धाडायचा. सासूला ते नको व्हतं. ती बोलली, "काय वाचायाचं ऱ्हायलंय त्याच्यात? फाडा आन खाडीत सोडा. दारात नको मला तो." आन ती उठली, कागदाकडं निघाली.

मी आदी पोचले. दगड सारला, कागुद घेतला आन पदराला बांधला.

"आगो बाय! आज तू घराभाईर पाय ठेवतेस? लोकं तोंडात शेन घालतील आपल्या."

"घालू देत."

"अंगावरचं वलं लुगडं तरी बदल!"

"आई, त्याला माती कोनी दिली ते मला कळू दे," मी बोलले, आन निघाले.

कोन गावावरनं भिवंडी लांब न्हाय, मी रोज चालत जायची. त्या दिशी तो रस्ता सरंना. सुताच्या पेट्या भरलेले ट्रक जात व्हते. केस वले, पाठीवर मोकळे, पायात काय न्हाय. एका ट्रकवाल्यानं गाडी हळू केली, माझ्याकडं बघितलं, आन निघून गेला. वाटंत गावचा एक म्हातारा भेटला, तो रस्ता सोडून पलीकडनं गेला. मला तवा कळलं का आता हे असंच ऱ्हानार.

मी ज्या शेडीत कांड्या भरायची तिच्या शेठची भैन शेडीच्या मागंच ऱ्हायची. सगळे तिला आपा बोलायचे. तिचा सोताचा नवराबी तिकडंच, आखातात. दंगल होऊन गेली व्हती, त्याच्या मागनं आमच्या गावच्या बाया त्या मोहल्ल्यात जायच्या न्हायत. मी जायची, कांड्या तिथंच व्हत्या. आपाला मुसलमानी वाचाया यायचं.

तिनं दार उघडलं आन माझे हात बघितले. "या अल्ला. कब हुआ?"

"तेच बघायला आले, आपा. कुठं पुरला ते वाच."

तिनं मला आत बसवलं, चष्मा घातला आन कागुद उजेडाकडं धरला. भाईर लूम चालू व्हते, भीत हालत व्हती. ती मनातल्या मनात वाचत व्हती. व्हट हालत व्हते, आवाज न्हाय. मी तिच्या व्हटांकडं बघत ऱ्हायले. एकदा ती वाचून खाली आली, परत वर गेली, परत वाचाया लागली.

"बोल ना, आपा."

"किसने बोला तेरे को ये मर गया?"

"कोपरा फाटलाय."

"तो?"

"कोपरा फाटला म्हंजे मानूस गेला."

"हमारे में ऐसा नहीं होता रे, पगली!" तिनं कागुद मांडीवर आपटला. "जिंदा है ये! खुद बोला है, बाजू के खाटवाले ने लिखा है. लखनऊ तरफ का है कोई. सुन, सुन तू."

मी भिताडाला टेकले. पानी मागितलं. तिनं आनलं, ते मला पिता आलं न्हाय, लुगड्यावर सांडलं.

मंग तिनं वाचलं. दिवाळीच्या आदी एका बंगल्याचं काम मिळालं व्हतं, मोठं, आतनं भाईरनं गिलावा. घाईचं व्हतं म्हनून जेवायालाबी उठले न्हायत, हात सिमिटात. उजव्या हाताला चीर पडली, चिरंत सिमिट गेला, हात कोपरापावेतर सुजला. थापी धरंना म्हनून लिवताबी यीना, म्हनून दुसऱ्यानं लिवलं. इस्पितळात गेले तर तिथं अरबाचा कागुद लागतो. अरबाचं म्हैन्याचं ऱ्हायलं व्हतं, तो दार उघडंना. कंपनीतला मानूस आजारी पडला तर कंपनी बघते. हा आझाद. याला बघनारं कोनी नव्हतं. खोलीतल्या एका मल्याळी पोऱ्यानं, तो कुठं तरी कंपौंडर व्हता, पातं तापवून हात चिरला आन पू काढला.

"आगे क्या लिखा है मालूम?" आपा थांबली. तिनं चष्मा पुसला. "लिखा है, खटिया की मुश्किल है. पारीवाला आता है तो उठना पड़ता है. फिर सीढ़ी पे बैठता हूँ, हाथ ऊपर कर के. ऊपर रखा तो कम दुखता है."

ते मी आजपावेतर इसरले न्हाय. जिन्यावर बसलेला मानूस, हात वर धरलेला. दुसऱ्याची खाटेवरची शिफ्ट संपायची वाट बघतोय.

शेवटी लिवलं व्हतं का हात जरा बरा झाला का एक काम करीन, तिकिटापुरतं, आन येईन. आईला सांगू नको.

"जवाब लिखूँ?" आपानं इचारलं. "मेरे भाई का आदमी जानेवाला है."

"लिव. या म्हनावं."

"और?"

"बास."

"ये हाथों का नहीं लिखना?"

मी हात पदराखाली घेतले. तिकडं तो जिन्यावर बसलाय, त्याला हितनं काय कळवू? तुमच्या नावानं बांगड्या फोडल्या म्हनून? "नको," बोलले. "या म्हनावं, एवढंच."

घरी आले तर सासू तशीच बसलेली. मी अंगनाच्या भाईरनंच सांगितलं, "जिते हायत." तिनं माझ्याकडं बघितलं, जशी मीच येडी झाले. मी परत सांगितलं. हाताचं सांगितलं न्हाय. बाया कुजबुजाया लागल्या. सासू उठली, दगडापाशी गेली, काचा वेचाया लागली. एक एक तुकडा पदरात घेत व्हती. "मीच फोडल्या," बोलत व्हती. "मीच पोटच्या पोराला मारला."

दुसऱ्या दिशी शेजारीन बोलली, चल कासाराकडं, भरून टाक बांगड्या, झालं गेलं. मीबी निघाले व्हते. सासू आडवी आली.

"न्हाय. ज्याच्या नावानं फोडल्या त्यानंच सोताच्या हातानं भराया पायजेत. त्याच्या आदी भरल्यास तर त्याचं खरंच काय तरी होईल."

"आई, लोकं काय म्हनतील?"

"लोकांचा न्हाय गेला व्हता. माजा गेला व्हता."

मला हे पटलं व्हतं का न्हाय, आता सांगता येत न्हाय. पन मी भरल्या न्हायत. भीती व्हती. आन कपाळालाबी काय लावलं न्हाय.

मंग ते म्हैने. मी परत कांड्या भराया जाया लागले. फिरकी फिरवताना आदी बांगड्या वाजायच्या, आता नुसता हात फिरायचा. नवी बाय यायची ती हातांकडं बघायची आन मंग बाजूला सरकून बसायची. कोनी तरी सांगायचं, "नवरा जिता हाय तिचा, दुबयला." ती बोलायची, "मंग बांगड्या कुठं हायत?" कितींदा सांगायचं? मी सांगायचं सोडलं.

माघात भावकीत हळद व्हती. मी दाराशीच उभी ऱ्हायले. नवरीची मावशी, कुठली लांबची, बोलली, "आगो, त्या बाईला आत कोनी घेतली?" आमच्यातली एक बोलली, "सवाशीन हाय ती." मावशी बोलली, "अशी असतेय का सवाशीन?" मी पोरीला उचललं आन घरी आले. पोरगीबी आता माझा हात धरून झोपायची न्हाय. रिकामा हात तिला वळखू यीना.

पन ते काय न्हाय. दुसरंच खात व्हतं. आपाच्या भावाचा मानूस जवाब घेऊन गेला आन त्याच्या मागनं तिकडनं एक ओळ आली न्हाय. मी मनात मांडायची, कागुद लिवला तवा ते जिते व्हते. लिवला तवा. त्याच्या मागनं? हातातला पू वर चढला असंल तर? जिन्यावरच गेले असतील तर? त्या खोलीतल्या लखनऊवाल्याला तर ठावबी न्हाय का कोपरा फाडून धाडायचा असतो. तो कागुदच धाडनार न्हाय. मंग मी मरेपावेतर अशीच, ना हिकडची ना तिकडची. एखाद्या दिशी वाटायचं, सासू बोलली तेच खरं, त्याच दिशी गेला, आन आपानंच माझ्याकडं बघून खोटं वाचलं. एकदा मी आपाला बोललेबी, "खरं सांग. तू खोटं वाचलंस ना?" तिनं कपाटातनं कुरान काढून त्याच्यावर हात ठेवला. मी मान खाली घातली.

सासूनं खायाचं कमी केलं. नाक्यावर जायचं तिनं सोडलं. चहावाल्याची मान हालताना बघवत न्हाय, बोलायची.

वैशाखात राब भाजत व्हते. भाताचं रोप टाकायाच्या आदी जमिनीवर शेन, पाला पसरून जाळतात तो राब. दुपार व्हती, धूर व्हता, हात कोपरापावेतर राखंनं भरलेले. बांधावरनं कोनी तरी येताना दिसला. खांद्यावर पिशवी. चाल वळखीची, पन उजवा हात हालत नव्हता, पोटाशी धरलेला. सुकून काठी झालेला.

मी उभी ऱ्हायले. ते दहा पावलांवर आले आन थांबले. माझ्या तोंडाकडं न्हाय, हातांकडं बघितलं. मंग कपाळाकडं. परत हातांकडं.

"कोन गेलं गो?" ते बोलले.

बोलले आन त्यांनाच कळलं. सुनेच्या बांगड्या सासूपायी जात न्हायत, पोरीपायीबी जात न्हायत. एकाच मानसापायी जातात. त्यांचं तोंड पांढरं पडलं.

"तुमीच," मी बोलले. "तुमीच गेला व्हता."

ते बांधावर बसले. मी राखंच्या हातानं तशीच खाली बसले आन सगळं सांगितलं. कोपऱ्याचं सांगितलं तवा त्यांनी डाव्या हातानं उजवा हात झाकला. मंग बोलले, "लखनऊवाल्यानं लिवून झालं व्हतं. कागुद खाटेवर व्हता. तेवढ्यात खालनं एकानं हाक मारली, एका खोलीचा गिलावा हाय, माप घेऊन ये, बाकीचे पोचायच्या आदी ये. माप लिवायाला कागुद नव्हता. तिथं कागुदबी इकत. म्हनून डाव्या हातानं कोपरा फाडला आन पळालो. काम जाईल एवढंच डोक्यात. परत आलो तर लखनऊवाल्यानं कागुद घडी करून, दोरा बांधून देऊनबी टाकला व्हता. कोपऱ्याचं मला आठवलंच न्हाय."

"मिळालं का काम?"

"न्हाय. हात बघितला आन दुसऱ्याला दिलं." थोड्या वेळानं बोलले, "दहा बाय बारा. माप अजून ध्यानात हाय."

अरबाकडनं पासपोर्ट सुटंना म्हनून इतके म्हैने गेले. खोलीतल्या अकरा जनांनी बोटीचं तिकीट काढून दिलं, आन शेवटचे आठ दिस लखनऊवाल्यानं सोताची पाळी सोडून खाट दिली. तिकडचं सांगितलं ते एवढंच. परत कदी काय बोलले न्हायत.

सासूनं त्यांना उंबऱ्यात उभं केलं. पानी ओवाळलं, रडली न्हाय. पयलं काय बोलली तर, "कासारनीला बोलवा."

कासारीन आली. टोपली उघडून बसली. मालक माझ्या समोर बसले. उजव्या हाताची तीन बोटं आत वळलेली, उघडायची न्हायत. ज्या हातानं भिती केल्या त्या हातात कासारनीची बांगडी धरवंना. डाव्या हातानं माझा हात दाबला, डाव्याच हातानं बांगडी सारली, ती फुटली. दुसरी फुटली. कासारीन बोलली, "दादा, मी भरते, तुमी नुसता हात लावा." सासू बोलली, "न्हाय. त्यानंच." तिसरी फुटली तवा त्यांनी मान खाली घातली आन मला दिसलं का त्यांच्या डोळ्यांतनं पानी त्या वळलेल्या बोटांवर पडतंय. मी कासारनीला बोलले, "मोठ्या मापाच्या काढ."

मोठ्या मापाच्या सैल गेल्या. एका हातात चार, एका हातात चार. जास्त भरल्या न्हायत. काम करताना त्या कोपरापावेतर जायच्या, मी परत खाली ओढायची. पोरगी आली आन आदी लांबनं बघत ऱ्हायली. मंग तिनं एक बांगडी वर सारली, सोडली. ती आपली खाली आली.

मालकांनी परत थापी धरली न्हाय. एका शेडीवर राखनीला बसायचे. लोकं गंमतीनं ठेकेदार म्हनून हाक मारायची, ते ओ द्यायचे. थापी, रंधा, ओळंबा घराच्या आडव्या वाशाला टांगलेले, बरीच वर्सं व्हते.

ते खरंच गेले तो दिस लई वर्सांनी आला. घरातच गेले, माझ्या समोर, सोताच्या खाटेवर. बाया जमल्या, माझे हात धरले. मी बोलले, थांबा. मी तवापासनं एकच माप घालत आलेले, सैल. एक एक बांगडी आपल्या हातानं उतरवली, आठच्या आठ, एकबी फुटली न्हाय. त्यांच्या उशाशी ठेवल्या. एक म्हातारी बोलली, "आगो, फोडाया लागतात."

"फोडून झाल्यात मागंच," मी बोलले.